नकाशात रेंज आहे

लॉरेल फोर्क, केंटकी
१४ मार्च २००६

प्रिय वर्ना मावशी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. मेलं असतं तरी तुला पत्रानंच कळवलं असतं म्हणा, कारण आपल्या घरात आता फोन नाही. म्हणजे आहे. ब्रेडच्या डब्यावर ठेवलाय. चांदीच्या रंगाचा, उघडला की निळा दिवा लागतो. घड्याळ बरोबर दाखवतो. बाकी त्याच्यानं काही होत नाही.

झालं असं. चार तारखेला, बोटीवर जायच्या आदल्या दिवशी, डस्टिन गावात गेला आणि हा घेऊन आला. दोन वर्षांचा करार केला की फोन फुकट. फुकट म्हटलं की माझ्या नवऱ्याच्या डोक्यातला होता नव्हता तो दिवा विझतो. वर आणि येताना घरचा फोन बंद करायला सांगून आला. "दोन दोन बिलं कशाला भरायची, शेल्बी?" आजोबांच्या वेळचा फोन, आजोबांच्या वेळचा नंबर. तू आणि आई ज्याच्यावरून एकमेकींचे केस ओढायचात, तोच. सोमवारी दुपारी मी उचलला तर आत काहीच नव्हतं. नुसता भिंतीला टांगलेला.

आणि साहेब गेले ओहायो नदीवर कोळशाच्या होड्या ढकलायला. अठ्ठावीस दिवस. मागं मी आणि ओपल.

आता खरं सांगते. शनिवारी दुपारी तिला परत फिट आली. फेब्रुवारीत आली होती तशीच, तापातच. डोळे वर गेले, हात झटके द्यायला लागले, ओठ निळे. नऊ महिन्यांचं पोर ते. दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं सांगितलंय की पाच मिनिटांच्या वर चाललं तर ताबडतोब फोन करायचा, थांबायचं नाही. मी चांदीचा फोन उघडला. रेंजची एक काडी नाही. दारात गेले, अंगणात गेले, ओढ्यापाशी गेले. तुला ठाऊक आहे आपली घळ. दोन्हीकडून डोंगर, आभाळ पट्टीएवढं. इथं रेडिओ नीट लागत नाही.

मग पोरीला उचललं आणि वर कबरस्तानात पळाले. आजोबांच्या दगडापाशी उभं राहिलं की दोन काड्या येतात. एक पाय त्यांच्या कबरीवर ठेवला तर तीन. नऊ-एक-एक लावला. बाई म्हणाली पत्ता सांगा, मी म्हणाले लॉरेल, आणि कटला. परत लावला, परत कटला. तिसऱ्यांदा लागला तोवर ओपल शांत झाली होती, आणि मावशी, ती झोपलीय की काय झालंय तेच मला कळेना. चाळीस मिनिटांनी अँब्युलन्स आली. ती बरी आहे. मी नाही.

रात्री तिला ताप आला तर तिला घेऊन अंधारात तो डोंगर चढू, का तिला खाली ठेवून चढू? सांग मला.

डस्टिनचं म्हणणं, हा करार चालू आहे तोवर घरच्या फोनला पैसे नाहीत. म्हणजे हा फोन परत गेला तरच तो परत येणार. तू त्याच कंपनीत आहेस. कसा परत करायचा तेवढं लिही. दुकानातला पोरगा गोड बोलतो, मला गोड बोलणाऱ्यांचं समजत नाही.

तुझी
शेल्बी


नॉक्सव्हिल
१८ मार्च

अगं माझ्या पोरी,

पत्र वाचून हातातली कॉफी तशीच राहिली. पोरीला जप. ताप चढायला लागला की ओल्या फडक्यानं पुसत राहा, आणि तुझ्या सासूला म्हणावं चर्चच्या सभा जरा कमी कर आणि नातीकडे बघ.

माझं काम काय आहे ते तुला कधी नीट सांगितलं नाही. कंपनी सोडायला जे फोन करतात ते माझ्याकडे येतात. त्यांना सोडू द्यायचं नाही, हे माझं काम. कुणी रडतं, कुणी शिव्या देतं, मी म्हणते तुमची अडचण मला समजते हं, आणि शंभर मिनिटं फुकट देते. दिवसाला साठ जण. दहातले सहा थांबवले नाहीत तर माझं नाव फळ्यावर लाल खडूनं. त्रेपन्न वर्षांची बाई मी, आणि फळ्यावर लाल नाव! तुझ्या खात्याला मी हात लावू शकत नाही. सगळं टेप होतं, आणि नातेवाइकाचं खातं उघडलं तर त्याच दिवशी घरी.

पण नियम सांगते. घेतल्यापासून तीस दिवसांत परत करता येतो. म्हणजे तीन एप्रिलपर्यंत. त्यानंतर सोडलात तर दोनशे डॉलर दंड. डबा, चार्जर, पुस्तक, पावती, सगळं हवं. ज्याच्या नावावर आहे तो माणूस हजर हवा. डस्टिनकडे एक गुलाबी कागद असेल, तो नाही लागत, तो नेऊ नका. हरवला तरी चालेल.

घळीत रेंज नाही याचं मला फार वाईट वाटलं.

तुझी
वर्ना मावशी


लॉरेल फोर्क
२३ मार्च

प्रिय मावशी,

सासूबाईंच्या गाडीतून गावात जाऊन आले. वाटेत इमोजीन सासूबाईंनी मला समजावलं की आमच्या वेळी फोनच नव्हते आणि तरी आम्ही सहा पोरं वाढवली. मी विचारलं, सहा का सात? एक गेलं होतं ना त्यांचं. बोलायला नको होतं, पण बोलले.

दुकानात तो गोड बोलणारा पोरगा, कोरी. केसांना एवढं तेल की त्यात बीन्स तळून निघतील. छातीवर पाटी: मला काहीही विचारा. मी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे रेंज येत नाही."

"येते," तो म्हणाला.

"नाही येत. मी तिथं राहते."

"राहत असाल. पण नकाशात आहे." आणि भिंतीवर बोट दाखवलं. अख्खा जिल्हा नारिंगी. डोंगर नारिंगी, नदी नारिंगी, आपली घळ तर इतकी नारिंगी की भोपळा वाटावी. मी त्यावर बोट ठेवून म्हटलं, "इथं माझं घर आहे. इथं माझी पोर निळी पडली." तर तो म्हणतो कसा, "मॅडम, घराच्या आत थोडा फरक पडू शकतो."

मी विचारलं, ज्यानं नकाशा रंगवला तो माणूस आमच्याकडे आला होता का? तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

मग म्हणाला खातं नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांनीच यावं. नवरा नदीवर आहे, रविवारी दोन तारखेला येतो. दुकान रविवारी बंद. म्हणजे सोमवारी, तीन तारखेला, शेवटच्याच दिवशी. मी विचारलं एक दिवस पुढे झालं तर? म्हणे कॉम्प्युटर घेत नाही. त्यांच्याकडे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. माणसं नुसती पाटी लावून उभी असतात.

पण तू काळजी करू नको. सामान मी नीट जपलंय. डबा कपाटात वरती आहे, चार्जर पुन्हा तसाच गुंडाळला, पुस्तकाला डाग नाही. आधी भरलेले पन्नास डॉलर परत मिळून फोन फुकट पडतो, त्यासाठी डब्यावरचा बारकोड कापून पाठवायचा होता, तोही मी शिवणाच्या कात्रीनं अगदी सरळ रेषेत कापला आणि पहिल्याच आठवड्यात पोस्टात टाकला. डस्टिननं दहा वेळा बजावलं होतं. मला शाळेत कधी कुणी शाबासकी दिली नाही, पण तो चौकोन बघून दिली असती.

ओपलला दात येतायत. ताप नाही. मी तिच्या कपाळाला इतक्यांदा हात लावते की ती आता माझा हातच ढकलते.

शेल्बी


नॉक्सव्हिल
२७ मार्च

शेल्बी,

बारकोड कापलास?

अगं, कापलेला डबा दुकान परत घेत नाही. पन्नास डॉलर हवे तर डबा कापा, आणि डबा कापला की फोन तुमचाच. म्हणूनच ते कापायला लावतात. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेर कुणाला नसतं. मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

तरी सोमवारी जा. मॅनेजरला बोलाव. पोरीला घेऊन जा, कडेवर पोर असलं की त्यांना लवकर संपवायची घाई होते. रड. खरंच रड, लाजू नको. आणि तो गुलाबी कागद घरी ठेवा.

मावशी


लॉरेल फोर्क
४ एप्रिल

वर्ना मावशी,

गेलो होतो. सांगते काय झालं ते. सगळं सांगते.

डस्टिन दुकानात शिरला आणि टोपी काढून हातात घेतली. नदीवर पंधरा पंधरा होड्या दोरानं बांधणारा माणूस, पण काचेचं दार दिसलं की पाद्र्यासमोर उभं केल्यासारखा होतो. बोलले ते मीच.

कोरीनं डबा हातात घेतला. "वा, नवाकोरा ठेवलाय," म्हणाला. मग उलटा केला. "इथला चौकोन कुठंय?"

"तुम्हीच कापायला सांगितलात."

"ते पन्नास डॉलर हवे असतील तर."

"हवेच होते."

"मग परत नाही घेता येत. डबा पूर्ण लागतो."

"आणि पूर्ण ठेवला असता तर पन्नास मिळाले नसते."

"बरोब्बर!" म्हणाला तो. इतका खूश झाला, जसं मी गणितच सोडवलं.

मॅनेजर आला. त्याच्याही छातीवर पाटी. त्यानं फोन उघडून माझ्या तोंडासमोर धरला. "चालू आहे मॅडम. बघा, पाच काड्या."

"तुमच्या दुकानात मला फोन कशाला हवाय?" मी म्हटलं. "इथं तर तुम्ही दिसताच आहात. ओरडलं तरी भागेल."

ओपल कडेवर होती. तिनं त्याची पाटी ओढली. मला रडू आलं नाही, मावशी. तू म्हणालीस रड, पण मला फक्त हसू येत होतं, ते वाईट हसू. दोनशे भरा किंवा दोन वर्षं भरा, त्यानं सांगितलं. एवढं मात्र त्यानं न मागता केलं: खात्यात माझंही नाव घातलं, म्हणजे नवरा बोटीवर असला तरी बिल भरताना माझी अडचण होऊ नये. केवढी माया.

आणि नाव घालता घालता कोरी एकदम म्हणाला, "अरे, तुम्ही तर घरचेच! आमच्या वर्ना स्टॅम्परबाईंनी पाठवलंय तुम्हाला. त्यांना गिफ्ट कार्ड मिळालं असेल ना?"

डस्टिन टोपीकडे बघायला लागला. मी त्याच्या खिशातून तो गुलाबी कागद काढला. होताच त्याच्याकडे, बायबल जपावं तसा घडी करून. तळाशी लिहिलं होतं. कुणी सुचवलं: वर्ना स्टॅम्पर.

गाडीत मी विचारलं. तो म्हणाला फेब्रुवारीत तुझा फोन आला होता. घरच्याच फोनवर, जो तू बंद करवलास. तू म्हणालीस शेल्बीला सांगू नको, तिला आश्चर्याचा धक्का देऊ.

बसला धक्का.

कोरीला ठाऊक नव्हतं. त्याला वाटतं नकाशा म्हणजेच डोंगर. पण तुझा जन्म या घरात झालाय. या ओढ्यात तू पोहायला शिकलीस. इथं रेंज नाही हे तुला कुणी सांगावं लागत नव्हतं.

कागद हरवला तरी चालेल म्हणालीस. नाही हरवला.

शेल्बी


नॉक्सव्हिल
१२ एप्रिल

शेल्बी,

तीन पत्रं लिहून फाडली. हे पाठवते.

जानेवारीत आम्हाला प्रत्येकाला नवे ग्राहक म्हणून नातेवाइकांची नाहीतर मित्रांची पाच नावं द्यायला सांगितली. नाही दिली तर नाव लाल खडूनं. माझं आधीच दोन महिने लाल होतं. चार नावं इथली झाली. पाचवं सुचेना. इथं माझी पाच माणसं नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी डस्टिनला फोन केला. कड्यावर टॉवर होणार आहे असं ऑफिसात ऐकलं होतं, त्यावर विश्वास ठेवला. ठेवायला बरं वाटत होतं म्हणून ठेवला. तो घरचा फोन तोडून टाकेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पंचवीस डॉलरचं कार्ड मिळालं. त्याचं बीन्स शिजवायचं विजेचं भांडं आणलं. एकटीला एवढ्या बीन्स लागत नाहीत.

बाजू मांडत नाही. काय झालं ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

वर्ना


नॉक्सव्हिल
२१ एप्रिल

शेल्बी,

तुझं उत्तर नाही. नको देऊस. पण हे पत्र फाडू नकोस, माझ्यावर कितीही रागावली असशील तरी वाच, दोनदा वाच.

या महिन्याच्या बिलाबरोबर एक पातळ राखाडी चिठ्ठी येईल. सगळे ती चुलीत घालतात. तू घालू नको. त्यात लिहिलंय की एक मेपासून मेसेज दहाऐवजी पंधरा सेंटला. तू मेसेज करत नाहीस, माहीत आहे. तरीही. तुमच्या कराराच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, लिहिलेलं आहे की कंपनीनं दर वाढवला आणि ग्राहकाला मान्य नसेल तर तीस दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

आम्हाला सोमवारी बसवून सांगितलं की कुणी हे विचारलं तरच द्यायचं, आणि तेही तीनदा विचारल्यावर. आपणहून बोलायचं नाही. अजून एकानंही विचारलेलं नाही.

सासूबाईंच्या घरच्या फोनवरून कर. खात्यात तुझं नाव आहे, त्या कोरीचं भलं होवो. एवढंच म्हणायचं: तुम्ही दर वाढवलाय, मला तो मान्य नाही, करारात लिहिल्याप्रमाणे मी दंड न भरता बाहेर पडते. याच्या पुढे एक शब्द नाही. ते कोण कोण येतील ते सांगते. पहिला म्हणेल तुमची अडचण समजते. दुसरा फुकट मिनिटं देईल. तिसरी बाई असेल, ती तुझ्या बाळाबद्दल विचारेल. तिच्यापासून जप. ती मीच असते. म्हणजे माझ्यासारखीच कुणीतरी. आवाज चांगला म्हणून आम्हाला शेवटी बसवतात.

माझं नाव घेऊ नकोस.

मावशी


लॉरेल फोर्क
३ मे

मावशी,

बाहेर पडले.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या फोनवर. एका हातात तुझं पत्र, दुसऱ्यात राखाडी चिठ्ठी. चिठ्ठी चुलीतच चालली होती, सासूबाईंच्या हातून हिसकावली. इमोजीनबाई ओपलला मांडीवर घेऊन समोर बसल्या, नाटक बघायला आल्यासारख्या. तुला सांगते, त्या लोकांना मी कितीही नावं ठेवली तरी मला त्यांची भीती वाटते. आपल्याला येत नाही असं काहीतरी त्यांना येतं, असं वाटतं.

पहिला आला. "तुमची अडचण मी समजू शकतो." मी वाक्य म्हटलं. त्यानं मला पुढच्याकडे ढकललं.

दुसरा तीनशे मिनिटं द्यायला लागला. मला राहवलं नाही. म्हटलं, "तीनशे मिनिटं कबरस्तानात उभी राहून काय करू? आजोबांना भजन ऐकवू?" सासूबाई फिस्सकन हसल्या. मग परत वाक्य म्हटलं.

तिसरी आली. खरंच चांगला आवाज, मावशी. मागं पोराचा आवाज ऐकू येतोय, किती महिन्यांचं, दात आले का, नाव काय. ओपल? किती गोड, माझ्या आजीचं नाव ओपल होतं. आणि मी सांगत सुटले. दोन खालचे आलेत, बूट चावते, सगळं. कितीतरी दिवसांत मला कुणी तिच्याबद्दल विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, अशा बाळाच्या आईकडे फोन नसणं बरं नाही ना? मी हो म्हणाले. तोंडातून गेलाच हो. मग खाली पत्राकडे पाहिलं. तिच्यापासून जप, लिहिलं होतं.

"तुम्ही दर वाढवलाय," मी म्हटलं. "मला तो मान्य नाही."

"पण तुम्ही तर मेसेज करतच नाही. तुम्हाला काय फरक पडतो?"

"करारात लिहिल्याप्रमाणे मी दंड न भरता बाहेर पडते."

तिचा आवाज बदलला, चांगला आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

टेप होतंय हे मला ठाऊक होतं. मी चिठ्ठीकडे पाहिलं, आणि म्हटलं, "लिहिलंय. मला वाचता येतं."

एवढंच. आठवीत शाळा सोडली मी. त्या बाईनं टाइप केलं, मला ऐकू येत होतं, आणि म्हणाली झालं. दंड नाही.

घरच्या फोनसाठी अर्ज केलाय, माणूस पंधरा दिवसांत येतो म्हणालेत. तोवर ताप येऊ नये एवढंच.

सासूबाईंनी ते वाक्य बियांच्या पाकिटाच्या मागं लिहून घेतलं, आणि गेल्या बुधवारी चर्चमध्ये सगळ्या बायकांना दिलं. अख्ख्या जिल्ह्यात नारिंगी रंग लावून ठेवलाय, फसलेली मी एकटी थोडीच? आता त्यांच्या घरी बायका रांग लावतात फोनला. इमोजीनबाई शेजारी उभ्या राहून सांगतात, "रडायचं नाही, नुसतं वाक्य म्हणायचं." सेनापती झाल्यात.

तुला हे कळवायचं होतं म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

शेल्बी


नॉक्सव्हिल
१२ मे

शेल्बी,

शाबास. अगदी शाबास.

आठ दिवसांत एकाच जिल्ह्यातून एकवीस बायका. एकच वाक्य, शब्दाला शब्द. त्यातल्या तिघी माझ्याच कानात पडल्या. एक म्हणाली, "थांब बाई, पाकीट उलटं धरलंय." मी त्या तिघींना सोडून दिलं, फुकट मिनिटं न विचारता.

मंगळवारी मॅनेजरनं आत बोलावलं. भिंतीवर त्याच्याकडेही तोच नकाशा. त्यानं विचारलं, "वर्ना, तुमचं गाव कुठलं?" मी उठले आणि नकाशावर बोट ठेवलं. म्हटलं, "इथलं. इथं रेंज येत नाही." दुपारी खोक्यात सामान भरून घरी. अकरा वर्षांचं सामान, कप आणि एक स्वेटर.

वाईट वाटून घेऊ नको. फळ्यावरून नाव तरी पुसलं गेलं.

कबरी सजवायच्या रविवारी दरवर्षी येते मी. यंदा येऊ का नको, ठरत नाही. बाबांच्या दगडापाशी तुझ्या समोर उभं राहायला मला जमेल असं वाटत नाही. फुलं पोस्टानं पाठवीन.

मावशी


लॉरेल फोर्क
२४ मे

वर्ना मावशी,

फुलं पोस्टानं पाठवू नकोस, मेलेली येतात.

नोकरीचं वाचलं. त्या बायकांना वाक्य द्यायच्या आधी मी तुझा विचार केला नाही. तुझं नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. तेवढं मी मान्य करते. पण तू केलंस ते विसरले, असं समजू नको. ओपल माझ्या हातात निळी होती आणि मी आजोबांवर पाय देऊन उभी होते. ते माझ्याच्यानं विसरलं जाणार नाही, आणि मी प्रयत्नही करणार नाहीये.

आता ऐक. गुरुवारी टेलिफोनचा माणूस आला. खांबावर चढला, उतरला, कॉफी प्याला, गेला. मी उचलला तर आत आवाज, तो सरळ लांब आवाज. मी उगाचच बराच वेळ ऐकत राहिले.

सोमवारी सकाळी ओपलला ताप चढला आणि फिट आली. मी तिला जमिनीवर घेतलं, भिंतीवरचा फोन उचलला. एकदाच वाजला. बाईनं पत्ता विचारला आणि मी सांगितला, पूर्ण, शेवटपर्यंत. ती म्हणाली पोरीला कुशीवर करा, तोंडात बोट घालू नका, मी इथंच आहे. फोनची ती वळलेली दोरी आठवते तुला? आईनं आणि तू ताणून ताणून सैल केलेली? ती स्वयंपाकघरातून पार पाळण्यापर्यंत पुरते. मी एका हातानं पोरीला धरलं होतं, फोन खांद्यात. ती बाई मिनिटं मोजत होती माझ्याबरोबर. सहा झाली. मग थांबलं. एकोणीस मिनिटांत अँब्युलन्स आली. दवाखान्यात आता औषध सुरू केलंय. पोर कालपासून हसतेय आणि चांदीचा फोन चावतेय. अखेर तो कुणाच्या तरी कामी आला.

डस्टिनला बोटीवर निरोप दिलाय की यापुढे फुकट काही दिसलं तर आधी बायकोला विचार, आणि नंतर घेऊ नकोस.

रविवारी सगळे येणार आहेत. इमोजीनबाई केळ्याचं पुडिंग करतायत. तू ते पंचवीस डॉलरचं भांडं घेऊन ये, बीन्स भरून. पूर्ण भरून. माझ्याशी काय बोलायचं ते वर, आजोबांच्या समोर बोल. मी ऐकीन. उत्तर देईन की नाही ते तेव्हा बघू.

निघण्याआधी फोन कर. नंबर लिहीत नाही. मी त्यांना म्हटलं जुनाच द्या, तर म्हणाले तो कुणी घेतलाच नव्हता.

तुला पाठ आहे.

शेल्बी